वर्षभर गप्प असलेली खाती

ईशा आणि रोहन,

परवा फोनवर ईशा म्हणाली, "आजी, आय ॲम नॉट अप्लाइंग अगेन. एकदा नाही म्हटलेल्या त्याच कॉलेजला परत फॉर्म भरायचा म्हणजे एम्बॅरसिंग आहे." मी तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं. फोनवर मला पटकन सुचत नाही, म्हणून आता लिहिते आहे. तिकडे सांता क्लारामध्ये तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवेल. जिथे अडेल तिथे तिला थांबवा.

वेबसाइट डिझाइनमधलं माझं शेवटचं मोठं काम लंडनच्या एका छोट्या संस्थेचं होतं. नवी साइट सुरू होऊन तीन दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी मी इथे नेपरव्हिलला दारापुढचा बर्फ काढून आत येते, तोच संस्था चालवणाऱ्या ग्रेसचा फोन.

"साइट सुंदर झाली आहे," ती म्हणाली. "पण मिरियम सापडत नाही."

आधी मिरियम काय करत होती ते सांगते. इंग्लंडमध्ये कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलाला बॅरिस्टर म्हणतात. परीक्षा पास झाल्यावर एक वर्ष मुरलेल्या बॅरिस्टरांच्या हाताखाली काम शिकावं लागतं. त्याला प्युपिलेज म्हणतात. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. अर्ज वर्षातून एकदा, पण एकदम बऱ्याच ठिकाणी. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा, पण पाच वर्षांच्या आत. ग्रेसची संस्था प्रत्येक उमेदवाराला एक मेंटर द्यायची. उमेदवार आपली उत्तरं साइटवर लिहायचा आणि मेंटर त्याखाली शेरे लिहायचा.

मिरियमचं हे पाचवं वर्ष होतं. सोमवारी तिचा इंटरव्ह्यू होता. तिचे मेंटर, एक म्हातारे बॅरिस्टर, आदल्या वर्षी वारले होते. चार वर्षांचे त्यांचे शेरे तिच्या खात्यात होते. आता खातंच नव्हतं.

मी मंदारला फोन लावला. मंदार मूळचा नागपूरचा, आता मिशिगनमध्ये नोव्हायला राहणारा माझा डेव्हलपर. जुन्या साइटवरचा सगळा मजकूर नव्या साइटवर आणायचं काम त्याचं.

"मंदार, मिरियमचं खातं कुठे गेलं?"

"थांबा काकू, बघतो." कीबोर्डची टकटक. "सिस्टिमने इनॲक्टिव्ह धरलं. बारा महिने लॉगिन नाही, म्हणून आणलंच नाही."

"असा नियम कोणी केला?"

"काकू, तुम्हीच. ईमेल दाखवू?"

दाखवायची गरज नव्हती. मला अडगळ खपत नाही, हे तुमचे आजोबा तुम्हाला सांगतीलच. कुठल्याही दुकानाच्या साइटवर वर्षभर न फिरकलेला माणूस गेलाच असं धरतात. मीही तसंच धरलं. इथे मात्र माणसं वर्षातून एकदाच येतात. नकार आला की साइटचं तोंड बघत नाहीत. पुढच्या हंगामात धीर गोळा करून परत येतात. एखाद्याचे एक-दोन आठवडे इकडेतिकडे झाले की बारा महिने उलटलेच. माझ्या नियमाने नेमकी हीच माणसं गाळली होती.

"बॅकअपमध्ये असेल ना?"

"बॅकअप नव्या साइटचा आहे. जुना सर्व्हर होस्टिंगवाले आज दुपारी पुसणार. तेपण आपणच सांगितलंय, यार... सॉरी, काकू."

"यार चालेल. आधी त्यांना थांबव."

होस्टिंग कंपनीने, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट असते त्यांनी, सांगितलं, खातं ग्रेसच्या नावावर आहे, पुसायची ऑर्डर तिनेच कॅन्सल करायला हवी. मी ग्रेसला लिंक पाठवली आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ते नंतर. बटण कुठलं?"

बटण दाबलं गेलं. दुपारपर्यंत मंदारने सगळी गाळलेली खाती उतरवून नव्या साइटवर आणली. त्यातली बरीचशी तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या मुलामुलींची होती.

मजकूर नीट दिसतो आहे ना, हे तपासायला मी मिरियमला फोन करून तिचं पान उघडायची परवानगी मागितली. "उघडा ना," ती म्हणाली. "त्यांचं इंग्रजी वाचून घाबरू नका, ते फार रागावायचे." पहिल्या वर्षीचा शेरा होता: इथे माफी मागू नकोस, उत्तर दे आणि थांब. शेवटचा शेरा चौथ्या नकारानंतरचा: उत्तर चांगलं होतं, पुढच्या वर्षी हेच दे, फक्त सावकाश.

मी तो तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हा मी वाचलाच नव्हता. नकार आल्यावर मी लॉगिनच केलं नाही."

मी तिला पान उघडायला लावलं आणि विचारलं, "नीट दिसतंय का तुला? अक्षर मोठं करून देऊ?" ती हसली. "मोठं करून द्या."

सोमवारच्या चेंबर्सनी, म्हणजे बॅरिस्टर मिळून चालवतात त्या ऑफिसने, तिला नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात उत्तरेकडच्या एका लहान शहरातल्या चेंबर्सनी घेतलं. तिथेही तिने तेच उत्तर दिलं, सावकाश.

गाळलेल्या प्रत्येकाला मी स्वतः माफीचं पत्र लिहिलं. मंदारने नियम बदलला. माणूस स्वतः सांगेपर्यंत त्याचं खातं काढायचं नाही. यातून शिकायचं एवढंच, की कोण गेलं आणि कोण थांबलं आहे हे लॉगिनच्या तारखेवरून कळत नाही. ईशा, तू अजून थांबून आहेस हे त्या कॉलेजलाही तू फॉर्म भरल्याशिवाय कळणार नाही.

मी रिटायर झाल्यावर ग्रेसने साइट पुन्हा नवी करून घेतली. माझे रंग गेले, मेनू गेला, मोठ्या हौसेने काढलेलं पहिलं पानही गेलं. खाती न काढण्याचा नियम अजून आहे.

तुमची आजी