मूळपुरुषाच्या लेकी

"ओरिजिनली फ्रॉम?"

काकांचा हा प्रश्न ठरलेला. इथे अमेरिकेत आपल्याला कुणी असं विचारलं की आपण आतल्या आत वैतागतो. काका तोच प्रश्न गोऱ्यांना विचारायचे. प्लंबर म्हणाला, "ट्रेंटन," की लगेच पुढचा, "अँड बिफोर दॅट?" प्लंबर बिचारा पाना हातात धरून पणजोबा आठवत बसायचा आणि सिंक गळत राहायचं.

वेस्ट विंडसरला त्यांचं आणि माझं टाउनहाउस भिंतीला भिंत लागून. काका रिटायर्ड इंजिनिअर, जन्मभर हायवेचे पूल डिझाइन केलेले. काकू गेल्यावर एकटेच राहायचे. त्यांनी ड्रायव्हिंग सोडल्यावर त्यांना लायब्ररीत, ग्रोसरीला न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हौसेनं घेतलं नव्हतं, उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

आमच्या कॉलनीमागे तळ्याकाठी पंधरा-वीस जुन्या कबरी आहेत. बिल्डरला हलवता आल्या नाहीत, म्हणून कुंपण घालून ठेवल्यात. तुमच्या-आमच्यासारखे तिथून कुत्रं फिरवत जातात. काका थांबून एकेक दगड वाचायचे. एका सकाळी तिथे ऐंशीच्या पुढची एक बाई ब्रशनं दगड घासत होती. काकांनी विचारलंच. तिनं ब्रशनं जमिनीकडे दाखवलं. "हिअर."

"अँड बिफोर दॅट?"

बाई खळखळून हसली. तिचा पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून बायको, कुऱ्हाड आणि एक गाय घेऊन इथे आला होता. तेव्हा वसाहत इथे संपायची, पुढे सगळं रान. त्या घराण्याच्या कागदांची दोन खोकी तिच्याकडे होती आणि ती कुणालाच नको होती. तिची नजर जात चालली होती. दिसतंय तोवर हे सगळं एकदा नीट मांडलेलं वाचावं, एवढीच तिची इच्छा.

"डन," काका म्हणाले. मला न विचारता. टायपिंग अर्थात मी करणार होते.

काकांकडे त्यांच्या स्वतःच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत होता, लाल कापडी बांधणीचा. त्याच साच्यात त्यांनी या गोऱ्या घराण्याला बसवायला घेतलं. तो कुऱ्हाडवाला झाला 'मूळपुरुष'. सकाळी सातला फोन यायचा, "अगं, मूळपुरुषाचं मृत्युपत्र सापडलं! बायकोला पलंग आणि अर्धी चूल दिलीय. अर्धी चूल म्हणजे कशी गं?" मी म्हणायचे, "काका, मला चहा तरी घेऊ द्या."

'जमीन आधी कुणाची' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'इथे मूळचे लेनापी लोक राहत होते. या कागदांत त्यांचं एकही नाव नाही.' त्या ओळीनं ते दोन दिवस चिडलेले होते.

चार महिन्यांनी लायब्ररीच्या खोलीत काकांनी टेबलभर वंशवृक्ष उलगडला. अक्षर काय सुरेख! बाई भिंग घेऊन वाकली. बोट मूळपुरुषावर ठेवलं आणि एकेक पिढी खाली येत गेली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"व्हेअर अ‍ॅम आय?"

काकांनी समजावून सांगितलं. तिच्या पणजोबांना मुलगा नव्हता, नुसत्या मुली. तेव्हा घराणं तिथे संपलं. काकांनी त्या जागी बारीकसं शून्यही काढलं होतं.

बाई सरळ उभी राहिली. "पण मी तर ही इथे उभी आहे," ती म्हणाली. रागानं नव्हे, खरंच गोंधळून.

 घरी पोचल्यावर काकांनी मला आत बोलावलं आणि लाल पुस्तक काढून एक पान दाखवलं. त्यांचं नाव, काकूंचं नाव आणि खाली, 'कन्या १'. नाव नाही, नुसता आकडा.

"या पुस्तकासाठी फॉर्म मीच भरला होता," काका म्हणाले. "पुस्तक आलं तेव्हा लेक पंधरा वर्षांची. तिला मराठी वाचता येत नाही. विचारलं तिनं, बाबा, व्हेअर अ‍ॅम आय? मी बोट ठेवून वाचलं, कन्या एक, ही काय तू. म्हणाली, दॅट्स अ नंबर. मी हसलो गं तेव्हा."

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. मीही कुठल्या तरी पानावर 'कन्या' असणारच. त्यांची लेक दूर पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमाँटला डॉक्टर. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि बापलेक दहा मिनिटं हवामानावर बोलायचे, ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं.

"सांगा की तिला," मी म्हटलं.

"काय सांगू?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "मूळपुरुषाच्या लेकींपासून परत सुरू करतोय. टायपिंगला येशील ना?" कागद पुरेना. डावी-उजवीकडे चिकटवत चिकटवत तक्ता टेबलाखाली लोंबायला लागला. खोक्यांतले लग्नाचे दाखले, चर्चच्या नोंदी, सगळं पुन्हा उपसलं. तक्ता पुरा झाल्यावर बाईनं भिंग लावून स्वतःचं नाव वाचलं, मग आईचं, आजीचं. काकांचा हात कितीतरी वेळ धरून ठेवला. काका उगाचच कागदाची घडी सरळ करत होते.

त्याच हिवाळ्यात काका गेले.

लेक घर आवरायला आली. बोलणं कमी, हात भराभर चालणारा. शेल्फ रिकामं करताना लाल पुस्तक हातात आलं. ते कुठल्या ढिगात टाकावं, हे तिला कळेना. तेवढ्यात त्यातून बाहेर आलेली कागदाची एक पट्टी तिला दिसली. पान उघडलं. मी घाईनं म्हटलं, "थांब, आय विल रीड इट फॉर यू."

गरज नव्हती. त्या मराठी पुस्तकात 'कन्या १'वर पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर काकांच्या, पुलांच्या ड्रॉइंगवरच्या अक्षरात तिचं नाव होतं. खाली तिच्या दोन्ही मुलींची. सगळं इंग्रजी अक्षरांत, म्हणजे तिला कुणाला विचारावं लागू नये.

तिनं नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.