आधी वरचा नट

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरला छापखान्यात उभी होते. बसस्थानकावरच्या बायकांच्या मुतारीला बारा महिने कुलूप का, असं विचारणारं पत्रक हातात होतं, शाई अजून ओली होती. मामाच्या मोबाइलवरून नांदुऱ्याकडचा कुणी अनोळखी ड्रायव्हर बोलत होता. त्यानं एवढंच विचारलं, ‘ताई, जानेफळवाले गजाननभाऊ तुमचे कोण?’

मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात माणूस मरत नाही, त्याचा ‘बळी जातो’. मामाबद्दल तसं लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला थांबले, कारण मामा ते वाचून पोट धरून हसला असता. पण जे झालं ते सांगितलंच पाहिजे. नांदुऱ्याच्या अलीकडे एका गोदामासमोर हरभऱ्याच्या गाड्यांची रांग लागलेली होती. चैत्रातलं ऊन. शेड नाही, झाड नाही, पाण्याचा नळ गेटच्या आत आणि गेट बंद. मामानं केबिनमधलं पोतं काढलं, आपल्याच ट्रकच्या मागच्या चाकांमध्ये अंथरलं आणि तिथल्या हातभर सावलीत आडवा झाला. रांग सरकली तेव्हा मागच्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग उतरून येऊन पाय हलवला. गेटवरच्या माणसाला आम्ही नंतर विचारलं, की अर्ध्या दिवसात तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही? तो म्हणाला, ‘मले वाटलं, गाडीचं काम करून राह्यले.’ ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय पाहून आपल्याकडे कुणालाच काही वाटत नाही. त्यातच सगळं आलं. ड्रायव्हर गाडीखालीच असायचा, जिवंत काय अन् मेलेला काय.

राग येतो तो याचा, की मलाही काही वाटलं नसतं. ट्रकखालून बाहेर आलेले मामाचे पाय हेच तर माझ्या डोक्यातलं त्याचं पहिलं चित्र आहे. कॉलेज संपवून मी चळवळीत पडले आणि घरच्यांशी वाजल्यावर जानेफळला मामाकडे राहायला आले. पिशवी घेऊन अंगणात शिरले तर समोर ट्रक आणि त्याच्याखाली दोन पाय. पायांनीच मला विचारलं, ‘कोण आलं?’ मी नाव सांगितलं. ‘रुसून आली का पळून आली?’ मी म्हटलं, रुसून. ‘मंग बरं हाय. जेवून घे, अन् मंग तो सतराचा पाना दे मले.’ एवढ्यावर माझा त्या घरातला प्रवेश झाला. पुन्हा कधी कुणी काही विचारलं नाही.

ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा मोठा गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथं येते आणि दोन्हीकडच्या चाकांना वाटली जाते. कागदोपत्री त्याचं नाव डिफरन्शियल, मामाच्या घरी नुसता गोळा. त्यातलं तेल मामा वर्षातून एकदा आखाजीच्या आदल्या दिवशी घरीच बदलायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, त्या दिवशी मामा गाडी काढत नसे. म्हणून आदला दिवस गोळ्याचा. इंजिनाचं काम तो खुशाल गॅरेजवाल्याला द्यायचा, पण गोळ्याला दुसऱ्याचा हात लागू देत नसे. आधी गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणायची, कारण थंड तेल काकवीसारखं, ते पडता पडत नाही. मग अंगणातल्या सपाट मुरमावर गाडी लावायची, चाकांना दगड, खाली पोतं, पोत्यावर मामा. गोळ्याला दोन नट असतात. वरच्या भोकातून तेल भरायचं, खालच्यातून काढायचं. आणि मामाचा एकच मंत्र होता, जो तो दर वर्षी मोठ्यानं म्हणायचा, जसा काही गाडीलाच सांगतोय… ‘आधी वरचा.’

हा मंत्र कुठून आला ते माझ्या बापाकडून ऐकावं. त्याच्याच लग्नातली गोष्ट. मामानं ट्रक नवा नवा घेतलेला. दुसरबीडहून नवरदेवाचं वऱ्हाड आणायला हीच गाडी जायची होती. बहिणीच्या लग्नाला गाडी कशी पाहिजे, नवरीसारखी. म्हणून मामानं पहाटेच गोळ्याचं जुनं तेल काढायला घेतलं. खालचा नट सोडला, तेल भळभळ घमेल्यात आलं, मामा खूश. मग नवं तेल भरायला वरचा नट फिरवतो तर तो गंजून बसलेला. पाना घसरला, हातोडी झाली, पाहुणे झाले, सगळ्यांनी जोर लावून पाहिला. नट जागचा हलेना. आता गोळा रिकामा, गाडी हलवावी तर आतले दाते जळणार, आणि तिकडे दुसरबीडच्या पारावर वऱ्हाड फेटे बांधून रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं. शेवटी माझा बाप कोबीच्या टेम्पोत बसून लग्नाला आला, मुंडावळ्यांसकट. मुहूर्त केव्हाच टळला होता. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्यानं तापवून तो नट काढला, पण तोवर जानेफळभर झालं होतं. पुढे कित्येक वर्षं मामा दुसरबीडला गेला की कुणीतरी विचारायचंच, ‘काय गजानन, आज वरून का खालून?’ मामा न चिडता सांगायचा, ‘वरून बे. तुह्या गावच्या नवरदेवानं शिकवलं.’ तो म्हणायचा, भरायची वाट मोकळी हाय का ते पाह्य, मंगच रिकामं कर. नाही तं वऱ्हाड बसते पारावर.

तेल निथळलं की मामा खालचा नट माझ्यासमोर धरायचा. त्याला आत चुंबक असतो, वर्षभरात झिजलेलं लोखंड त्यावर काळ्या लेपासारखं बसतं. बोटावर घेऊन चोळायचं. ‘काजळ हाय ना? काजळ चालते. हाताले टोचलं त समजावं, आत काहीतरी तुटून राह्यलं.’ वर्षातून एकदा तो असा ट्रकच्या पोटातलं ऐकायचा. माणसांचं मात्र त्यानं असं कधी पाहिलं नाही, स्वतःचं तर नाहीच. छातीत जळजळते म्हणून त्या महिन्यात तो सोडा पीत होता, हे मामीनं तेरवीनंतर सांगितलं.

आणि मग मामी. नवं तेल वरच्या भोकातून भरायचं म्हणजे डबा उंच पाहिजे. म्हणून मामी ट्रकच्या मागच्या फळीवर चढून बसायची, नळीच्या वरच्या टोकाला नरसाळं लावून तेल ओतायची आणि खालचं टोक मामा भोकात धरायचा. एरवी ती दोघं फार बोलत नसत. मामा रस्त्यावर, मामी शेतात. पण त्या दिवशी मध्ये आख्खा ट्रक असताना त्यांच्या गप्पा रंगायच्या, तोंडं दिसत नसली की माणसं बरी बोलतात बहुतेक. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची म्हैस आटली, मागच्या आखाजीला पुरणपोळी कशी जळली होती. मधेमधे मामी विचारायची, ‘आलं का हो?’ खालून उत्तर यायचं, ‘येऊन राह्यलं.’ भोकाच्या काठावरून तेल टपकलं की गोळा भरला. मामा करंगळी घालून पाहायचा, नट बसवायचा, आणि त्या गिअर ऑइलचा उग्र वास पुढचे चार दिवस त्याच्या हातांना, ताटाला, दाराच्या कडीला राहायचा. मामी नाक मुरडायची. दुसऱ्या कुणी मुरडलं तर तिला चालत नसे.

माझी पत्रकं तो केबिनमध्ये बसून वाचायचा. वाचून झालं की घडी घालून खिशात ठेवायचा आणि एकच म्हणायचा, ‘बंद करा, बंद करा… चालू काय करू, ते कुठी हाय?’ मी भांडायचे. म्हणायचे, ते सरकारचं काम, आमचं काम विचारायचं. तो म्हणायचा, ‘खालचा सोडून बसली तू, बाई. वरचा पाह्यला का?’

यंदाच्या आखाजीच्या आधी ट्रकचं काय करायचं हा प्रश्न घरात आला. प्रश्न म्हणजे काय, मामीला सोडून सगळ्यांनी उत्तर ठरवलेलं होतं. बाईमाणसानं ट्रक कशाला ठेवावा, कोण चालवणार, कोण राखणार. सख्ख्या दिरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकाएकी मामीचे हितचिंतक झाले. शेतात राबताना ती बाईमाणूस नव्हती, फळीवर चढून डबा उचलताना नव्हती. मालक व्हायची वेळ आली आणि झाली. मामीला ती गाडी जायला नको होती, आणि हे तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी नांदुऱ्याहून दलाल गाडी पाहायला आला तेव्हा मामी पदर खोचून गिअर ऑइलचा डबा अंगणात आणत होती. मला म्हणाली, ‘फाट्यापर्यंत नेऊन आणली शेजारच्या पोट्ट्यानं. गरम हाय तवर काढून घे.’

केबिनमध्ये ते पोतं होतं. नांदुऱ्याच्या ड्रायव्हरांनी नीट घडी घालून ठेवलेलं. मी ते अंथरलं आणि आडवी झाले. आधी वरचा. पाना लावला, नट करकरला, अंगठा सोलून निघाला, पण फिरला. वरून मामीनं विचारलं, ‘वरचा निघाला?’ मी हो म्हटलं. ‘मंग सोड खालचा.’

दलाल चाकाशेजारी उभा होता, मला त्याच्या चपला दिसत होत्या. तो मामीला समजावत होता, की जाणाऱ्या गाडीत नवं तेल काऊन टाकता वहिनी, जुन्यावरच जाऊ द्या. मामी फळीवर बसत बसत म्हणाली, ‘जाणारी नाही ते, भाऊ. चहा घेऊन जा.’

चपला थोडा वेळ तिथंच होत्या. मग त्याला घेऊन आलेल्या दिराच्या चपलांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, मग दिसेनाशा झाल्या. मी खालच्या नटावरचा लेप बोटावर घेतला. काजळ होतं.

त्या गोदामासमोर अजून शेड नाही. आमचं नवं पत्रक तयार आहे, त्यात निषेध नाही, धिक्कार नाही. गेटबाहेर पाण्याचा नळ द्या, पत्र्याची शेड टाका, आणि रांगेतल्या गाड्यांखाली दर तासाला वाकून पाहणारा एक माणूस नेमा. पहिल्यांदा मामीचीच गाडी हे पत्रक घेऊन तिथं जाईल.

त्या दिवशी मी काजळ पुसून खालचा नट आवळला, नळी भोकात धरली. वर डबा कलंडल्याचा आवाज आला. तेल नळीतून हळूहळू उतरायला लागलं, हाताला त्याचं सरकणं जाणवत होतं. त्या वासानं डोळे चुरचुरले. मग सवयीनं मामीच्या तोंडून आलं, ‘आलं का हो?’

तिचं तिलाच कळलं असावं, कारण वरचं ओतणं थांबलं.

‘येऊन राह्यलं,’ मी खालून म्हणाले.

ती पुन्हा ओतायला लागली. तेल काठावर आलं, एक थेंब ओघळून पोत्यावर पडला, मामाच्या जुन्या डागांच्या बाजूला.