रस्ता सांग

सरांनी आमच्यापैकी कुणालाही ‘लागलं का?’ असं कधी विचारलं नाही. सरावात कुणाच्या तोंडावर जोरदार ठोसा बसला की घंटा वाजल्याबरोबर ते त्याला कोपऱ्यात बोलवायचे, हनुवटी धरून डोळ्यांत बघायचे आणि म्हणायचे, “रस्ता सांग.” रस्ता म्हणजे आपल्या घरापासून हॉलपर्यंतचा. प्रत्येक वळण, प्रत्येक खूण. तो नीट सांगितला की म्हणायचे, “आता उलटा सांग.” तिथे जो अडखळला त्याचे ग्लोव्हज गेले कपाटात. मग महिनाभर त्याने नुसत्या दोरीउड्या मारायच्या.

आमचा हॉल म्हणजे मुलुंडच्या आमच्या वसाहतीतलं समाजमंदिर. लग्नसराईत तो लग्नांना दिला जायचा आणि आम्ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पुऱ्यांच्या तेलाच्या वासात ठोसे मारत बसायचो. सर एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी करून थेट हॉलवर यायचे. खांद्यावर पांढरा टॉवेल. तो त्यांनी घाम पुसायला वापरलेला मी कधी पाहिला नाही. घाम ते बाहीला पुसायचे. टॉवेल होता रिंगमध्ये टाकायला, म्हणजे हार मानून फाइट तिथेच थांबवायला, आणि तो टाकण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

रस्त्याचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी एक फाइट जिंकून ते घरी निघाले आणि भलत्याच चाळीत, भलत्याच खोलीत जाऊन जेवायला बसले. त्या घरच्या बाईंनी भात आणि माशाचं कालवण वाढलं, आणि मग नवऱ्याला सोबत देऊन त्यांना घरी पोचवलं. “मला कालवणाची चव आठवते, घर आठवत नव्हतं,” सर म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत.

आमच्या फाइट कुठे, कुणाशी, हे सगळं तेच ठरवायचे. आम्हाला विचारायची पद्धत नव्हती. प्रशांत आमच्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ. त्याला एकदा मॉलमधल्या कसल्याशा शोमध्ये लढायचं आमंत्रण आलं. दिव्यांचा झगमगाट, मोठा पडदा, सगळं होतं. समोरचा माणूस मात्र आठ किलोंनी जड होता. सरांनी आयोजकाला हॉलच्या दारातूनच परत पाठवलं. प्रशांत म्हणाला, “सर, माझं तोंड फुटेल ना, तुमचं काय जातंय?” सर म्हणाले, “तुझ्या आईला मी ओळखतो. ते जातंय.” प्रशांतला हे आजतागायत पटलेलं नाही, आणि तो काही एकटा नव्हता. सर घाबरट आहेत, असं आमच्यातले अर्धे लोक उघड म्हणायचे. मी त्यातली नव्हते. ती वेळ पुढे आली.

राज्याच्या संघाची निवड होती. संघात आले असते तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज करता आला असता, आणि अर्जासाठी माझ्या वयाचं ते शेवटचं वर्ष होतं. नेमकी त्याच आठवड्यात आमची चाळ पुनर्विकासाला गेली. आम्ही सामान उचलून नाल्यापलीकडच्या एका इमारतीत भाड्याने राहायला गेलो. पाच दिवस गोणी उचलण्यात आणि रात्री भांड्यांच्या ढिगात झोपण्यात गेले. हे सरांना कळलं असतं तर त्यांनी माझं नाव काढून टाकलं असतं, कारण त्यांचा नियमच होता की झोप नाही तर फाइट नाही. म्हणून मी सांगितलंच नाही. आठवडाभर सरावात त्यांनी रस्ता विचारला, की मी आपला जुनाच घडाघडा म्हणून दाखवायचे: बुद्ध विहार, पिठाची गिरणी, उजवीकडे, रिक्षा स्टँड, हॉल.

निवडीच्या अंतिम लढतीत मी पुढे होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, समोरच्या मुलीने नंतर स्वतः मला सांगितलं. दुसरी फेरी संपता संपता तिचा एक उजवा ठोसा माझ्या कानाजवळ बसला आणि पंचांनी आठपर्यंत आकडे मोजले. मी ठीक होते. कोपऱ्यात येऊन बसले, सरांनी हनुवटी धरली. “सुजाता, रस्ता सांग.”

दमलेल्या माणसाला खोटं आठवत नाही. मी सांगून टाकलं, “नाला, गॅसचं गोदाम, डावीकडे, शाळेची मागची भिंत, हॉल.”

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. आठवडाभर ऐकलेल्या रस्त्यातली एकही खूण त्यात नव्हती. मी “सर, घर बदललंय” असं म्हणेपर्यंत टॉवेल रिंगमध्ये पडला होता. एकदा पडला की पडला. पंचांनी दुसऱ्या मुलीचा हात वर केला. मी सरांना सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हातांवरच्या पट्ट्या सोडवल्या आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हिला काहीही झालेलं नाही.

मी हॉलवर जाणं बंद केलं. बारा दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. दारात सर, घामाघूम. तीन मजले चढून आले होते. आमचा नवा पत्ता त्यांच्याकडे नव्हता.

“हॉलपासून उलटा चालत आलो,” ते म्हणाले. “शाळेची भिंत, उजवीकडे, गोदाम, नाला. खाली विचारलं, बॉक्सिंगवाली मुलगी कुठे राहते. बरोबर सांगितलं होतंस तू.” मग म्हणाले, “मी चुकलंय गो.” सर हळवे झाले की मालवणीवर यायचे.

बाबा त्यांना बसा म्हणाले. मी म्हटलं नाही. मी विचारलं, “म्हणजे पुढच्या वेळी टॉवेल टाकणार नाही ना?”

“टाकणार.”

“आत्ता चुकलो म्हणालात ना, सर?”

“चुकलोच. पण मला चुकायचंच असेल तर ह्याच बाजूला चुकणार. तुझी नोकरी गेली, ती माझ्यामुळे गेली. त्याबद्दल तू मला आयुष्यभर बोल. पण बोलायला तू शुद्धीवर पाहिजेस.”

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी हॉलवर गेले, ह्या माणसाला पुन्हा टॉवेल टाकायची संधीच द्यायची नाही, असं ठरवून. पुढच्या वर्षी मी राज्याच्या संघात होते आणि टॉवेल सरांच्या खांद्यावरच राहिला. नोकरीचं वय मात्र निघून गेलं होतं. आज मी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळी तोच हॉल चालवते. रस्ता मीही विचारते. फक्त सोमवारी आधी विचारते, कुणी घर बदललंय का.

सर मागच्या महिन्यात गेले. शोकसभेत प्रशांत माइकवर म्हणाला, “सरांनी आपल्याला जपलं यार, पण मोठं नाही होऊ दिलं.” काही जणांनी मान डोलावली, काही जण चिडले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. माझं मत असं की त्या दिवशी सर चुकले. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आम्हाला न विचारता आमचे निर्णय घेतले, तेही चुकलं. आणि तरीही माझी मुलगी उद्या रिंगमध्ये उतरली, तर तिच्या कोपऱ्यात मला तोच माणूस हवा.

शेवटच्या दोन वर्षांत सरांना विसर पडायला लागला होता. ऐन तारुण्यात खाल्लेले ठोसे, दुसरं काय. एकदा दुपारी काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला, की सर घरातून निघून गेलेत. हॉल पाहिला, कारखान्याचं गेट पाहिलं, आणि मग मला सुचलं. आम्ही नाल्याकाठची ती इमारत सोडून कितीतरी वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर सर बसले होते. त्या घरातल्या अनोळखी बाईने त्यांना चहा दिला होता.

“सुजाता,” ते म्हणाले, “रस्ता बरोबर होता तुझा. मी चुकलंय.”

त्या महिन्यात हे त्यांनी मला चौथ्यांदा सांगितलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, एवढंच राहिलं होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडले, ती मला त्या क्षणी नकोशी झाली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “नाही सर. मला खरंच चक्कर येत होती. टॉवेल बरोबर टाकलात तुम्ही.”

सरांनी माझी हनुवटी धरली आणि डोळ्यांत बघितलं, कोपऱ्यात बघायचे तसंच.

“खोटं नको बोलू गो,” ते म्हणाले. “शाळेची भिंत मी स्वतः चालून बघितली आहे.”

मग मी त्यांचा हात धरून जिना उतरले, आणि त्यांच्या घरापर्यंत एकेक वळण त्यांना सांगत गेले.