काकवीच्या बाटलीवरचा शब्द

‘छान’ या शब्दाची मला शिसारी बसली आहे. कुणी माझ्या कामाला छान म्हटलं की उलटून दोन शब्द सुनवावेसे वाटतात, आणि बऱ्याचदा मी सुनावतेही.

बावीस वर्षं मी पडदे आणि चादरी विकल्या. सुरुवात फुटपाथवर, मग टपरी, मग गाळा. कुणी हात धरून वर आणलं नाही. या बावीस वर्षांत गिऱ्हाइकाबद्दल एक गोष्ट कळली. जे गिऱ्हाईक पडद्याला नावं ठेवतं, रंग फिका आहे म्हणतं, शिवण ओढून बघतं, उजेडात नेऊन भोकं शोधतं, ते घेतं. जे लांबूनच ‘छान आहे हं’ म्हणतं, ते चप्पल घालून चालायला लागलेलं असतं. ‘छान’ म्हणजे ‘येते’. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी फसले. याचा राग जास्त आहे.

गुडघे गेले म्हणून शिकायला गेले. शिडीवर चढून गठ्ठे काढणं झेपेना. गाळा भाच्याच्या हाती देऊन, बसून करता येईल असं काम शोधत होते. दुकानाच्या पाट्या, सेलचे फलक, हँडबिलं मी आयुष्यभर दुसऱ्यांकडून करून घेतली होती आणि प्रत्येकाशी भांडले होते. वाटलं, एवढं भांडता येतं तर करताही येईल. स्वारगेटजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ग्राफिक डिझाईनचा क्लास होता. लिफ्ट बंद. गुडघ्यांसाठी काम बदलायचं आणि त्यासाठी रोज तीन जिने चढायचे, हा विनोद तेव्हाच कळायला हवा होता.

वर्गात पंधरा-सोळा मुलंमुली, सगळी विशीतली. मी एकटी पन्नाशीला टेकलेली. पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांची काकू झाले. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी पहिला प्रश्न केला, “काकू, सॉफ्टवेअर कोणतं वापरणार?”

मी म्हटलं, “तुम्ही सांगा. तुमचं दुकान आहे.”

त्यांनी तीन प्रकार सांगितले. एक दरमहा भाड्याचं, मोठ्या कंपन्या वापरतात ते. एक जुनं, शहरातले छापखानेवाले अजून ज्याला चिकटून आहेत ते. आणि एक इंटरनेटवरचं फुकट, ज्यात सगळं तयार मिळतं, आपण फक्त नाव बदलायचं. मी छापखान्यांत फिरून आले. पेठेतल्या एका छापखानेवाल्याने सांगितलं, “बाई, काही वापरा. आम्हाला पीडीएफ आणून द्या आणि घाई करू नका.” ऐकण्यासारखी एवढीच गोष्ट महिनाभरात कुणी बोललं असेल.

मी सरांना विचारलं, “मराठी अक्षर कशात नीट बसतं?”

“काकू, भाड्याचं घ्या. इंडस्ट्री स्टँडर्ड आहे.”

“कुठल्या इंडस्ट्रीचं? मला मराठी छापायचंय.”

“सगळ्यात बसतं हो मराठी,” ते हसत म्हणाले.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे घासाघीस केली. भाडं भरणार नाही म्हटलं. क्लासच्या संगणकांवर त्याचीच एक जुनी आवृत्ती होती, क्लासने रीतसर घेतलेली. त्या परवान्यात अजून जागा शिल्लक आहे हे मी काढून घेतलं आणि ती माझ्या लॅपटॉपवर घालून द्यायला लावली. सर कुरकुरले, मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी दिली. जिंकल्यासारखं वाटलं. घासाघीस करताना वस्तू तपासायची असते, हा माझाच नियम मी त्या दिवशी पाळला नाही.

दर शनिवारी आमचं काम मोठ्या पडद्यावर लावून त्यावर बोलायचं असे. सर त्याला फीडबॅक म्हणत. त्याचा नियम सँडविचचा. आधी एक चांगलं बोला, मग हलकेच एक सूचना, मग पुन्हा चांगलं. पोरं पहिली आणि शेवटची पोळी वाढायची आणि मधलं विसरायची. आमच्या कोपऱ्यावरच्या सँडविचमध्ये निदान काकडी तरी असते.

मी उभी राहून म्हणायचे, “वाईट काय ते सांगा.”

“काकू, इतकं निगेटिव्ह नको ना. वाइब मस्त आहे.”

वाइब! मी पडद्याचं कापड विकताना वाइब सांगितली असती तर गिऱ्हाइकाने कापड माझ्याच डोक्यावर टाकलं असतं. सरांकडे बघितलं की ते मान डोलवायचे. वर्गातून कुणी दुखावून सोडून जाऊ नये, ही त्यांची काळजी मला स्पष्ट दिसत होती. दुकानदाराला दुकानदार ओळखता येतो.

पाचव्या महिन्यात खरं काम आलं. मांजरीची एक बाई माझी जुनी गिऱ्हाईक. नव्या सोसायट्यांच्या मधे त्यांचा अजून दोन एकर ऊस आहे. ती घरी काकवी करते, म्हणजे उसाचा रस आटवून गूळ होण्याआधी उतरवलेला पातळ पाक. नातेवाइकांत वाटून झाल्यावर तिला ती विकायची होती. हिंजवडीतल्या एका दुकानाने, जिथे कंपन्यांतली माणसं बिनखताचं धान्य आणि घाण्याचं तेल घ्यायला येतात, तिला सांगितलं होतं की सोमवारी सकाळी पन्नास बाटल्या नीट लेबल लावून आणा, एक फळी तुमची. तिच्यासाठी ती फळी म्हणजे सगळंच होतं. दोन वर्षं सासरच्या प्रत्येकाला ती ऐकवत आली होती की घरात बसूनही धंदा होतो.

“मावशी, तुम्ही शिकताय ना हे? तुम्हीच करा,” ती म्हणाली. “दुसऱ्याकडं गेले तर समजावत बसावं लागंल. तुम्ही माल ओळखता.”

मी ओळखत होतेच. तीन आठवडे त्या लेबलावर घालवले. काकवीचा तपकिरी रंग बाटलीच्या काचेतून कसा दिसतो हे बघायला तिची बाटली खिडकीत ठेवली. वर ‘काकवी’ मोठ्या अक्षरांत, खाली हिरव्या पट्टीत ‘सेंद्रिय’, मग मांजरीचं नाव, थंड जागी ठेवण्याची सूचना. मजकूर फोनवर टाइप करून स्वतःला पाठवला आणि तिथून उचलून लेबलात चिकटवला. मग फक्त रंग हलवत बसले. हिरवा उजळ, हिरवा गडद, पट्टी जाड, पट्टी बारीक.

शनिवारी ते पडद्यावर लागलं. भिंतभर.

“काकू, ग्रीन एकदम फ्रेश!”

“फॉन्ट भारी.”

“मी तर घेईन.”

सर पुढे होऊन म्हणाले, “मोकळी जागा फार छान वापरलीत. फक्त बाटलीचं चित्र दोन मिलिमीटर वर घ्या.”

मी दोन मिलिमीटर वर घेतलं. छापखान्यात पीडीएफ दिली. पुढच्या शनिवारी संध्याकाळी लेबलं हातात आली, गुळगुळीत, मागे गोंद असलेली. रविवारी सकाळी बसने मांजरीला गेले.

अंगणात बाटल्या धुऊन उलट्या ठेवल्या होत्या. बाईने लेबल हातात घेतलं, तिचे डोळे भरले. “छान झालंय ओ मावशी,” म्हणाली. मीही फुलले. तिचे सासरे पायरीवर बसले होते. चौथीपर्यंत शिकलेले. समोर येईल ते बोट ठेवून मोठ्याने वाचायची त्यांना सवय. कीटकनाशकाचा डबा असो, लग्नाची पत्रिका असो, लाइटचं बिल असो. त्यांनी एक लेबल मागून घेतलं.

“का-क-वी,” वाचलं. बोट खाली आलं. “सें… सेंद्… र… यि.” थांबले. पुन्हा बोट मागे नेलं. “सेंद् र यि. हे काय हाय गं?”

“सेंद्रिय, आण्णा,” सून म्हणाली.

“न्हाय. ह्ये बघ. वेलांटी ‘य’ला हाय. सेंद्रयि हाय ह्ये.”

मी लेबल हिसकावून घेतलं. द पाय मोडून उभा होता, र वेगळा पडला होता, आणि ऱ्हस्व वेलांटी र सोडून पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसली होती. तीन आठवडे ती तिथेच होती. मी, सर, सोळा पोरं, भिंतभर पडद्यावर. सगळ्यांनी बघितलं आणि एकानेही वाचलं नाही.

नंतर कळलं की त्या आवृत्तीत भारतीय भाषांसाठी एक खूण आधी करून ठेवावी लागते. नाहीतर जोडाक्षरं मोडतात आणि वेलांट्या घर चुकतात. खूण सेटिंगच्या पोटात कुठेतरी आत असते. सगळ्यात बसतं मराठी!

तिथल्या तिथे छापखानेवाल्याला फोन लावला. “तुमच्या डोळ्यांसमोर छापलंत, दिसलं नाही?”

“दिसलं ना,” तो शांतपणे म्हणाला. “आम्हाला वाटलं, हल्लीची स्टाईल असेल. फाईल तुमची आहे बाई.”

मग मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. मी तिच्याकडे वळून म्हटलं, “अगं, लावू या. कोण वाचतंय एवढं? रंग किती छान आलाय बघ.”

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “मावशी, तुमच्या पडद्याला उलटी शिवण असती तर मी घेतला असता का?” आणि लेबलांचा गठ्ठा उचलून माझ्या पिशवीत ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

सोमवारी तिने दुकानाला फोन करून माल आज येत नाही म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत तिच्या फळीवर दुसऱ्या कुणाचा मध लागला.

मंगळवारी तीन जिने चढून मी वर्गात गेले आणि लेबल सरांच्या टेबलावर आपटलं. “वाचा.”

त्यांनी वाचलं. कान लाल झाले. “काकू, पण लेआऊट चांगलाच होता ना?”

“बाटलीला लेआऊट चिकटवायचा नव्हता. तिचं नाव चिकटवायचं होतं.”

“आपण यातून शिकूया. पॉझिटिव्हली घ्या.”

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरांनी फोन खाली ठेवून ऐकलं, एवढं खरं. मागच्या बाकावरची एक मुलगी जिन्यापर्यंत माझ्यामागे आली आणि म्हणाली, “काकू, मला ते विचित्र दिसलं होतं. पण वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.” तिच्या त्या चांगुलपणाचा मला सरांच्या मूर्खपणापेक्षा जास्त वीट आला. परत त्या वर्गात पाऊल टाकलं नाही.

खूण शोधून काढली. लेबल पुन्हा केलं. छापायच्या आधी कागद घेऊन मांजरीला गेले. म्हाताऱ्यांनी बोट ठेवून सगळं वाचलं, थंड जागेपर्यंत. हूं म्हणाले. सुनेने कागद परत दिला. “लेबल बरोबर हाय. पण जागा गेली, मावशी.”

“जागा मी आणते.”

“कशी?”

“तुझ्यामुळे गेली का? माझ्यामुळे गेली. मग मीच आणणार.”

नवी लेबलं लावलेल्या दोन बाटल्या घेऊन हिंजवडीला गेले. त्या गर्दीत कंपन्यांच्या बसगाड्यांमागे अर्धा दिवस गेला. दुकानाचा व्यवस्थापक तिशीचा, गळ्यात पट्टा. मी बाटली समोर ठेवली. त्याने हातही न लावता म्हटलं, “वाव, खूप छान. पण शेल्फ ऑलरेडी दिलंय मॅडम.”

“वाचा,” मी म्हटलं.

“काय?”

“लेबल. मोठ्याने वाचा.”

मागे रांगेत दोन माणसं होती. तो कसनुसा हसला. “का-कवी,” म्हणाला. कवीसारखं. हिरव्या पट्टीपाशी अडखळला. “सें… सेंडी… मॅडम, ऑरगॅनिकच ना?”

माझ्या पोटात ढवळून आलं. हा माणूस सोमवारी त्या बाटल्या घेणार होता. सेंद्रयि असतं तरी वाव म्हणून मांडल्या असत्या, गिऱ्हाइकांनी वाव म्हणून उचलल्या असत्या, आणि त्या बाईची फळी आजही तिथेच असती. तिच्या खरेपणाची किंमत अशा माणसाकडे मोजली गेली होती, ज्याला चूक आणि बरोबर यांतला फरक दिसणारच नव्हता.

“सेंद्रिय,” मी म्हटलं. “म्हणा.”

“सेंद्रिय.”

“आता ऐका. चुकीचं लेबल लागलं म्हणून या बाईने तुमची फळी सोडली. पन्नास बाटल्या तयार असताना सोडली. तुमच्या मधवाल्याने कधी माल अडवलाय का? असं माणूस परत मिळणार नाही.” मग मी रीतसर बसले. मधाची बाटली उचलून उजेडात धरली, तळाशी बसलेला कचरा त्याला दाखवला, झाकण चिकट आहे म्हटलं, लेबल वाकडं आहे म्हटलं. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, “खालची एक फळी देतो. ट्रायल.”

खालची म्हणजे गुडघ्याच्याही खाली. वाकल्याशिवाय दिसत नाही. मी वरची मागितली, मधली मागितली, निम्मी मागितली. दिली नाही. घेतली.

बाहेर येऊन मांजरीला फोन केला. “खालची मिळाली.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, “त्यांनी लेबल वाचलं का मावशी?”

“वाचलं,” मी म्हटलं, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत बस आली असं सांगून फोन ठेवला.