चंद्राकाकूंची विहीर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. पण आता सुरू केलंय, तर ऐका.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि वर दुष्काळ. जळकोटकडच्या आमच्या गावात ज्या लहान शेतकऱ्यांच्या विहिरी आटल्या, त्यांना त्या खोल करायला सरकार अनुदान देत होतं. आमची विहीर आटली नव्हती. आम्ही लहान शेतकरीही नव्हतो — पण माझ्या एकट्याच्या नावावर एक तुकडा होता, आणि तलाठी आमच्याच ओट्यावर चहा प्यायचा. त्या पैशात मला डिझेलचं इंजिन घ्यायचं होतं. एवढीच माझी गरज.

बांधापलीकडं चंद्राकाकूंचं रान. नवरा वारलेला, लेक देगलूरला दिलेली. त्यांची विहीर कोरडी ठाक. प्यायचं पाणी त्या आमच्याकडून न्यायच्या.

साहेब पाहणीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी त्या पाण्याला आल्या. मी म्हणालो, "काकू, उद्या साहेब येलालेत. तुमची विहीर मी माझी म्हणून दाखवणार हाय."

त्या घागर उचलायला वाकल्या. आणि मग मी — कसं सांगू? — मी त्यांच्या भरल्या घागरीवर हात ठेवला. म्हणालो, "तोंड उघडलाव तर परत पाण्याला येऊ नका."

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेबांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि एकदम काकूंकडं वळून विचारलं, "बाई, विहीर कुणाची?"

त्या बोलल्या असत्या तर? सगळ्या गावासमोर?

"ह्यांची हाय," काकू म्हणाल्या. "मी रोजानं येते."

रोजानं येते — हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

इंजिन आलं. पुढच्या उन्हाळ्यात काकू एकट्याच एसटीनं लातूरला गेल्या, आपल्या विहिरीसाठी. परत आल्या तेव्हा मी आमच्या विहिरीवरच होतो. मीच विचारलं,

"काय म्हनले?"

"त्या रानातली विहीर कवाच खोल झाली म्हनले," त्या म्हणाल्या. घागर भरली आणि गेल्या.

कुणी केलं, हे त्यांना ठाऊक होतं. का बोलल्या नाहीत? मला वाटायचं, आज ना उद्या बोलतील. रस्त्यावर जीप दिसली की मी ज्वारीत शिरायचो. रान पडीक राहिलं, काकू लेकीकडं गेल्या, आणि ते रान आम्हीच घेतलं — तरी भीती गेली नाही. उलट वाढली. आता काकू लेकीला सांगतील, असं वाटायला लागलं.

मागच्या वर्षी ती लेक आमच्या दारात आली. खिडकीतून दिसली तशी मी बायकोला म्हणालो, मी घरी नाही म्हणून सांग. आणि दाराआड उभा राहिलो.

"काका न्हाईत का?" ती म्हणाली. "आई गेली. तेवढं सांगायला आले होते. दुष्काळात तुम्ही पाणी दिलाव, असं आई लई सांगायची."

बायकोनं तिला चहा केला. ती बराच वेळ ओट्यावर बसली होती, माझी वाट बघत.

मी बाहेर आलो नाही.