ज्याचा आकडा कमी, तो पहिला

मृण्मयीच्या प्रवेशाचा घोळ सर्व्हरने केला, असा आमच्या अख्ख्या हेंद्रेपाड्याचा समज आहे. सर्व्हर निर्दोष आहे. घोळ मी केला.

एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली. मी मुळातच कमी बोलणारा, आणि स्वतःविरुद्ध तर त्याहून कमी.

मृण्मयी आमची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर तिला वनस्पतीशास्त्रात चार वर्षांचं ऑनर्स करायचं होतं, तेही सरकारी विद्यापीठातच. अशी विद्यापीठं चार निघाली. अर्ज चारही विद्यापीठांना मिळून एक. त्यात आपला पसंतीक्रम भरायचा. म्हणजे तुलना आली! आणि माहितीपत्रकं वाचावीत, तर प्रत्येकाचं ऑनर्स वेगळं. एकात चौथ्या वर्षी सगळ्यांनाच संशोधन, दुसऱ्यात गुण चांगले असले तरच, तिसऱ्यात 'मार्गदर्शक उपलब्ध असल्यास'. (म्हणजे नाहीतच.)

"मेजर कळलं," माझी बायको शुभदा म्हणाली. "मायनर म्हणजे?"

"जोडविषय."

"आणि हे दर वर्षाच्या शेवटी एक्झिट, एक्झिट काय लिहिलंय?"

"मध्येच सोडून जाता येतं. वर सर्टिफिकेटही देतात."

"ही सोय लग्नाला लागू आहे का हो?"

शेवटी मीच पुढे झालो. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. तुलनात्मक तक्ता करणं हे माझं रोजचं काम. रविवारभर बसून तक्ता केला. शिक्षकांच्या भरलेल्या जागा, प्रयोगशाळा, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, वसतिगृह, मेसची आमटी (हा रकाना शुभदाचा) आणि शेवटी शंभरपैकी गुण. घाटावरच्या विद्यापीठाला पडले एक्क्याण्णव. घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर जे होतं, त्याची प्रयोगशाळा अजून 'प्रस्तावित' होती, त्याला सत्तेचाळीस.

"बाबा, तुम्ही ग्रेट आहात!" मृण्मयी म्हणाली.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मृण्मयीला कांजिण्या! ती कडुनिंबाच्या पाल्यावर पडून. घरच्या कॉम्प्युटरवर साइट उघडेना. मी तक्ता घेऊन उल्हासनगरला लच्छूभाईच्या दुकानात गेलो. हा आमच्या जुन्या ओळखीचा सिंधी; झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, सगळं करतो.

आता आमच्या खरेदी विभागाचा एकमेव धर्म सांगायला हवा. दरांच्या तक्त्यात ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो पहिला. बस्स! सव्वीस वर्षं हाताला हेच वळण. तक्ता समोर आला, की बोट आपोआप सगळ्यात कमी आकड्यावर जातं.

गेलं!

"साईं, ये सैंतालीस वाला पहला?" लच्छूभाईने विचारलं. "और इक्यानवे वाला लास्ट में?"

"हां."

"बेबी पढ़ने में कमज़ोर है क्या?"

"लच्छूभाई, छब्बीस साल से यही काम करता हूँ मैं!"

"पक्का? लॉक किया तो फिर नहीं खुलेगा."

"करो लॉक!" मी इतक्या रुबाबात म्हणालो, की शेजारी झेरॉक्सला उभ्या असलेल्या माणसाने स्वतःचा कागद पुन्हा तपासला.

आठवड्याने मेसेज आला: 'अभिनंदन! आपणास प्रथम पसंतीची जागा मिळाली आहे.' शुभदाने पुढचं वाचायच्या आत अकरा घरांत पेढे वाटले. मग मृण्मयीने विद्यापीठाचं नाव वाचलं.

"बाबा, हे... हे तर आपलं जवळचं आहे!"

माझ्या तोंडात पेढा होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि मी म्हणालो, "सर्व्हर!"

हा एक शब्द बोललो आणि फसलो. मेहुण्याने फोनवर 'हॅक झालंय' असं निदान केलं. शेजारच्या वहिनींनी सरकारला शिव्या घातल्या. मृण्मयी मात्र नुसती रडत होती, कारण पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद! तक्रार नोंदवायला दुसऱ्या दिवशी पाचपर्यंतची मुदत.

तक्रारीच्या खिडकीवरच्या मॅडमनी शुभदाचं भाषण शांतपणे ऐकलं.

"सर्व्हरने क्रम उलटा केला? बरोब्बर उलटा?"

"हो!" शुभदा गरजली. "हो की नाही हो?"

मी खोकलो.

"मग लेखी द्या. सायबरवाल्याला चौकशीला बोलावू. महिना तरी जाईल. पालकाची चूक असती, तर त्यांच्या सहीने आत्ता पाच मिनिटांत दुरुस्त केलं असतं."

मृण्मयीने खिडकीचा गज घट्ट धरला. "महिन्याने जागा उरेल का, मॅडम?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही दोघी जरा लिंबू सरबत पिऊन या," मी म्हणालो.

"आत्ता?"

"अगं, नुकत्याच कांजिण्या झाल्यात तिला! ऊन बघ!"

त्या गेल्या. मी कागद ओढला आणि आयुष्यातला पहिला खरा अर्ज लिहिला: 'सदर पसंतीक्रम अधोस्वाक्षरीकाराने पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना उलटा भरला आहे. यात कन्येचा दोष नाही. सर्व्हरचाही नाही.'

मॅडमनी तो दोनदा वाचला. "इतकं स्वच्छ कुणी लिहीत नाही हो," असं म्हणून शिक्का मारला.

मायलेकी परतल्या तेव्हा मी फक्त "झालं" म्हणालो.

"भांडलात?" शुभदाने विचारलं.

मी नम्रपणे खाली पाहिलं. एवढंच! पण त्यावर मी दोन वर्षं 'सर्व्हरला वाकवणारा माणूस' म्हणून मिरवलो. सोसायटीतले पालक आपापले फॉर्म घेऊन माझ्याकडे येऊ लागले. (मी नेहमी सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवून, दोनदा मोठ्याने वाचून, मगच सांगतो.) लच्छूभाईच्या दुकानावरून जायचं मात्र सोडलं.

गेल्या महिन्यात राहवेना. घाटावर फोन लावला.

"मृण्मयी, ते सर्व्हरचं प्रकरण..."

"माहितीये, बाबा. त्या अर्जाची प्रत त्याच दिवशी माझ्या ईमेलवर आली. आईलाही दाखवली."

"मग बोलला का नाहीत?"

"आई म्हणाली, बघू किती दिवस तग धरतात."

मग म्हटलं, आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे. "आणि एक. जवळचं पहिलं भरलं ना, तेव्हा हाताला जरा... बरं वाटलं होतं गं. तू घरीच राहशील म्हणून."

"तेही माहितीये," ती म्हणाली. "तरी खरं लिहून दिलंत, म्हणून तर तो अर्ज खोलीच्या दारावर लावलाय."

"आतून ना?"

"बाहेरून! आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींना पाठ आहे तो."

अठ्ठावीस वर्षं कारखान्यात टिपणं लिहिली. साहेबांनी एकही न वाचता सह्या केल्या. विद्यापीठात पाठांतराला लागलेलं माझं साहित्य ते हेच!