पारबताबाईंच्या गाण्यासाठी हँडीकॅम

“हा कॅमेरा वापस घ्या भाऊ. याच्यात निस्ते फोटोच येऊन राहिले,” हेमराजभाऊंनी हँडीकॅम काउंटरवर ठेवला.

गोंदियात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही. व्हिडिओ कॅमेरा फोटो काढतो ही तक्रार मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कार्ड काढून टीव्हीला लावलं. पडद्यावर धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, चिखल, आणि त्यात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बायकांची रांग. सगळ्या ताठ उभ्या. पदर नीट, हातात रोपांची पेंडी, नजर समोर. कोणी हलेना की बोलेना. मागून एक म्हैस चालत गेली तेव्हा खात्री पटली की व्हिडिओ चालू आहे.

“कॅमेरा चांगला आहे,” मी म्हणालो. “तुमची मंडळी फोटोला उभी राहिली आहेत.”

“मंग त्याहीले सांगते कोन? कॅमेरा दिसला का सरळ उभ्या! अन् माय तं गातच नाही.”

“गाणं? तुम्ही घरचा व्हिडिओ म्हणाला होतात.”

“माय घरचीच हाय ना!”

आता खरी गोष्ट बाहेर आली. हेमराजभाऊंची शेती सौंदडला. त्यांची आई पारबताबाई रोवणीत गाणं उचलते आणि बाकीच्या बायका मागून धरतात. पण तिचे टोंगळे, म्हणजे गुडघे, पार गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या वर्षी चिखलात पाय घालायचा नाही. घरी गा म्हटलं तर म्हणायची, “घरी कायले गाऊ? चिखल हाय का इथं?” रोवणी संपत आली होती. गाणं आता राहिलं तर कायमचं राहणार होतं.

पहिल्यांदा कॅमेरा घ्यायला आले तेव्हा त्यांना लग्नाच्या शूटिंगवाल्यांसारखा खांद्यावरचा मोठा कॅमेरा हवा होता. “लहान कॅमेऱ्याले कोन मानते?” मी कसंबसं समजावलं होतं. मोबाइलचा झूम बहुतेक डिजिटल असतो. तो आहे तेच चित्र ताणतो, चेहरा फाटतो. हँडीकॅमचा ऑप्टिकल झूम भिंगं सरकवून लांबचं खरंच जवळ आणतो. लांब उभं राहून एखाद्याचा चेहरा घ्यायला जुना छोटा हँडीकॅम पुरतो, आणि बजेटमध्येही बसतो. हे सगळं बरोबरच होतं. पण झूम चित्राला असतो, आवाजाला नसतो. गाण्यासाठी माईक जवळच न्यावा लागतो.

हेमराजभाऊंचा चेहरा पाहून मला राहवेना. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी वायरलेस माईक घेऊन मीच सौंदड गाठलं.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ट्रायपॉड लावला. रेकॉर्डिंग सुरू असलं की पुढे लाल दिवा लागतो, त्यावर काळी टेप चिकटवली. झूम जमवला, बटण दाबलं. तरी वाकलेल्या बायका उठल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

“मावशी, काम चालू द्या!” मी ओरडलो.

“मंग फोटो कसा येईन?” रांगेतून उत्तर आलं.

कपाळाला हात लावला. निदान माईक तरी पारबताबाईंजवळ ठेवावा म्हणून तो खिशाला अडकवला आणि चिखलात उतरायला निघालो. बूट नवे होते. एका पायावर उभा राहून दुसऱ्याची नाडी सोडू लागलो, तर तोल जाऊ लागला. हात पसरले. बांधीत खसखस पिकली. पारबताबाई वाकल्या, रोप रोवलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या:

“धुऱ्यावर कोन उभा गं बाई, कोन उभा?
बूटवाला बगळा उभा गं बाई, बगळा उभा!
चिखलाले भेते, पान्याले भेते,
याची बायको याले बजारी कशी नेते?”

सगळ्या रांगेनं ते उचललं. हात रोवत होते, तोंडं गात होती, कॅमेऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रोवणीत येणाऱ्या-जाणाऱ्याला गाण्यात घ्यायची इथली रीतच आहे, आणि आज धुऱ्यावर मी सापडलो होतो. मी बूट हातात घेऊन त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. माईकचा स्टँड मीच. माझ्यावर कडव्यामागून कडवी होत गेली. इतकी यथेच्छ टिंगल आयुष्यात झाली नसेल, आणि मला मनापासून मजा आली.

संध्याकाळी हेमराजभाऊंच्या घरी टीव्हीवर लावलं. आवाज स्वच्छ होता, चेहरा स्पष्ट होता. हेमराजभाऊ डोळे पुसत होते. पारबताबाई मात्र पडद्याजवळ सरकून स्वतःला निरखत बसल्या.

“पाह्य बा,” त्या लेकाला म्हणाल्या, “याच्यात माहे टोंगळे दुखून राहिले असं वाटतच नाही.”

हँडीकॅम काही परत आला नाही. हल्ली कोणी घरच्या व्हिडिओसाठी कॅमेरा मागितला की मी बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, घरातलं माणूस खुलतं कशानं? बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग मी सांगतो, कॅमेरा घेण्याआधी तेवढं शोधून या, ते माझ्या दुकानात मिळत नाही.